निळ्या गादीतली लोकर

उल्कान एजेच्या, म्हणजे उल्कानताईच्या, वर्गात पहिल्या दिवशी कुणालाच सुई मिळत नाही. पहिल्या दिवशी नुसता लोकरीचा एकेक पुंजका हातात मिळतो, आणि तो नुसता धरून बसायचं. पोरं कंटाळतात, एकमेकांच्या कानात लोकर कोंबतात, एखादा तिची दाढी लावून मोल्ला होतो आणि सगळ्यांना आशीर्वाद देत फिरतो. उल्कान चहा पीत बसते. तिचं म्हणणं असं, की लोकरीशी ओळख झाल्याशिवाय तिला टोचायचं कसं? टोचायचं ते ओळखीच्यालाच, असंही ती वर सांगते. हे ती सासूकडून शिकली, हे आमच्या अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

जुन्या वाचनालयाच्या मागे दोन खोल्या आहेत, तिथे शाळा सुटल्यावर मुलांचं कलामंडळ भरतं. पुढच्या खोलीत चित्रकला आणि मागच्या, शेगडीच्या खोलीत उल्कान. ही बाई बुटकी, रुंद, डोक्याला कायम फुलाफुलांचा रुमाल, आणि दोन्ही हातांच्या बोटांवर टोचल्याच्या इतक्या बारीक खुणा की ती हात धुताना पोरं टक लावून बघत बसतात. मुलांना मात्र ती जुन्या बुटांच्या चामड्याच्या टोप्या बोटांत घालायला लावते. खाली स्पंजचा तुकडा, त्यावर लोकर, वर सुई. सुई सरळ आत, सरळ बाहेर. तिच्या अंगाला बारीक खाचा असतात, त्या लोकरीचे धागे एकमेकांत ओढत नेतात आणि भुसभुशीत ढीग हळूहळू आवळून घट्ट होतो. एकदा घट्ट झाला की झाला. मग कितीही रडलात तरी तो पुन्हा मोकळा होत नाही, म्हणून आधी विचार करा आणि मग टोचा, हे ती रोज सांगते. ऐकत कुणी नाही.

या सुयांची गोष्ट सांगायलाच हवी. उल्कान नवी नवरी असताना इथल्या नमद्याच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, कारखान्यात लागली होती. तिथे बुटांच्या आत घालायचे तळवे व्हायचे, आणि ते टोचणाऱ्या यंत्राला अशा सुयांचं रानच्या रान होतं. मग सोव्हिएत राज्य मोडलं, कारखानाही मोडला आणि कामगारांना सांगितलं, हाताला लागेल ते घेऊन घरी जा. कुणी मोटार उचलली, कुणी ताग्याचे तागे नेले, एकाने तर दरवाजा नेला. उल्कान लाजरी, सगळ्यात शेवटी पोचली, आणि तिच्या वाट्याला आला सुयांचा एक पत्र्याचा डबा. तो घेऊन ती घरी आली तेव्हा सासू, म्हणजे काल्बूबू आपा, भट्टीत नान लावत होत्या. डब्यात डोकावून त्या सुनेला म्हणाल्या, "बरं झालं केलिन, आता उपाशी मेलो तर निदान टोचून घेता तरी येईल." हे वाक्य पुढे किती वर्षं चाललं म्हणता! पाहुणे आले की एकदा तरी यायचंच.

डबा पडून राहिला. पुढे उल्कानचा मुलगा गोवराने अंथरुणाला खिळला, त्याच्या उशाशी बसून बसून तिचे हात शिवशिवायला लागले, आणि तिने एक सुई काढून लोकरीचा गोळा टोचायला घेतला. तयार झाली ती मेंढी होती. पोरगा म्हणाला, उंट छान झालाय. पण त्या उंटाला कवटाळून तो झोपला, आणि उल्कानला तेव्हापासून जो नाद लागला तो लागलाच.

मेंढी हा शब्दसुद्धा ती तोंडातून काढत नाही बरं का. सासऱ्यांचं नाव कोयचुबाय, आणि आमच्याकडे कोय म्हणजे मेंढी. सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, अर्धंसुद्धा नाही, ही आमची रीत. सासरे जाऊन जमाना झाला, शहरातल्या सुना आता नवऱ्याच्या आजोबालाही नावाने हाक मारतात, पण उल्कानची जीभ वळत नाही. ती म्हणते बेंबेंवाली. तिच्या हाताखालून गेलेली सगळी पोरं बेंबेंवालीच म्हणतात, आणि एकाने ते शाळेच्या पेपरात लिहून मार खाल्ला.

काल्बूबू आपांना हे सुईचं काम कधी पटलं नाही. त्या स्वतः नमद्याच्या मानकरी. त्यांच्या तरुणपणी अंगणात लव्हाळ्याची चटई अंथरायची, त्यावर पिंजलेली लोकर पसरायची, उकळतं पाणी शिंपडायचं, गुंडाळी करून लाथांनी तुडवायची आणि मग सात-आठ बायकांनी गुडघ्यावर बसून, कोपराला कोपर लावून ती वळायची. गाणी, थट्टा, कुणाच्या नवऱ्याची नक्कल, मध्ये चहा. नमदा असा होतो, त्या म्हणत. एकटीनं कोपऱ्यात बसून टोचत राहायचं याला काम नाही म्हणत, याला कुढणं म्हणतात. उल्कान ऐकून घ्यायची. उलट उत्तर तिने कधी दिलं नाही, पण आपांनी एकदा, एकदाच, वर्गात येऊन बघावं असं तिला फार वाटायचं. आपा काही आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणायच्या. लग्नांना मात्र गुडघे दुखत नसत.

तर यंदाच्या वसंतात काय झालं ते ऐका. वर्ष संपताना मुलांच्या कामांचं प्रदर्शन असतं, आणि मुलांनी ठरवलं की यंदा बर्फातली जनावरं करायची. हिमबिबट्या, हंस, पांढरे ससे, कोकरं. आणि पांढरी लोकर संपलेली. कोकरांची लोकर कातरतात शरदात. वसंतातली लांब, राठ लोकर दोर वळायला बरी, टोचकामात ती दाद देत नाही. उल्कानने शेजारीपाजारी विचारलं, सगळ्यांकडे करडी नाहीतर तांबूस. मग तिला सुचलं ते इथल्या कुठल्याही बाईला सुचलं असतं. घरात भिंतीशी गाद्यांची चळत असते, त्यात तळाला एखादी जुनी, फाटकी, कुणी न वापरणारी गादी असतेच. ती उसवायची, आतली लोकर पिंजायची आणि वापरायची. तळाला एक निळी गादी होती, कडेने विटलेली. आपा दवाखान्यात रक्तदाब दाखवायला गेल्या होत्या. उल्कानने गादी ओढून काढली, एक कड उसवली, आणि तिचे डोळेच विस्फारले. आत लोकर कशी, तर नुकत्या पडलेल्या बर्फासारखी. धुतलेली, पिंजलेली, कोकराची, एक काडी नाही की एक काळा केस नाही. सासूच्या माहेरची गादी असावी, जुन्या लोकांचं काम ते, असं तिने मनाशी म्हटलं, आणि गादी तशीच पाठुंगळीला मारून वर्गात नेली.

मुलांनी तीत हात घातले आणि खोलीत जी शांतता पसरली ती उल्कानने त्या वर्गात पूर्वी कधी अनुभवली नव्हती. दाढीसुद्धा कुणी लावली नाही. रोज शाळा सुटली की पोरं येत होती, टोचत होती. झोल्दोश नावाचा एक दांडगट पोरगा, ज्याच्या हातून कालपर्यंत फक्त चेंडू व्हायचे, त्याने बिबट्या केला. चेंडूसारखाच, पण शेपटी होती. बेगायिम म्हणून एक नऊ वर्षांची मुलगी आहे, आई-बाप दोघंही मॉस्कोला कामाला, ही मावशीकडे असते. ती वर्षभर करायची आणि मोडायची, करायची आणि फेकायची. तिने साळू केला. पांढरा साळू कुणी पाहिलाय? पण तिचा तो पहिला पुरा झालेला प्राणी होता, आणि ती तो दप्तरात न ठेवता कोटाच्या आत ठेवून घरी न्यायची.

गादी रिकामी होत आली तेव्हा तळाच्या कोपऱ्यात उल्कानच्या हाताला काहीतरी कठीण लागलं. तिने ओढून काढलं. पांढऱ्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी. सोडली. आत साबणाची कोरी वडी, कोरी फणी, आणि चौकोनी कापलेले पांढऱ्या कापडाचे तुकडे, एकावर एक नीट रचलेले.

उल्कानने पुरचुंडी होती तशी पुन्हा बांधली. आमच्याकडे म्हातारी माणसं आपल्या मरणाची तयारी आपणच करून ठेवतात. न्हाऊ घालायला साबण, आलेल्या बायकांना वाटायला कापडाचे तुकडे, आणि ज्याच्यावर निजवून न्यायचं तो नमदा. त्या नमद्यासाठी काल्बूबू आपांची लोकर जमते आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दर शरदात पहिल्या कोकरांची कातरण त्या स्वतःच्या हाताने निवडून बाजूला काढायच्या. पण ती लोकर संदुकीत आहे, असंच सगळे समजत होते. संदुकीची किल्ली आपांच्या गळ्यात.

समोर पोरं माना खाली घालून खसाखस टोचत होती. थांबा रे, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण थांबवून करायचं काय? जे टोचून झालं ते टोचून झालं होतं. गादीत आता मूठभर लोकर उरली होती. बाकी सगळी हंस, ससे, कोकरं होऊन फळीवर रांगेत बसली होती. बेगायिमने विचारलं, एजे, तुमचं डोकं दुखतंय का? हो म्हणाली.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तुर्दाकुन हा तसा भला माणूस, पण आईपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटते. त्याने डोकं खाजवलं आणि तोडगा काढला, की गादीत दुसरी लोकर भरून, शिवून, होती तिथे ठेवून दे. आईला धड दिसत कुठंय. उल्कानने ऐकलं, हे तिचं चुकलं. करडी लोकर भरली, पुरचुंडी कोपऱ्यात सारली, टाके घातले, गादी तळाशी सरकवली. पण आपा उठल्या की चळतीवरून हात फिरवायच्या. पूर्वीही फिरवत असतील, पण उल्कानला आत्ता दिसायला लागलं. त्यांचा हात वरून खाली यायचा आणि निळ्या कडेवर जरा टेकायचा, जसा झोपलेल्या पोरावर टेकवतात. आणि या हिवाळ्यात आपा दोनदा अशा आजारी पडल्या होत्या की मोल्लाला निरोप गेला होता. उद्या काही झालं आणि बायकांनी गादी उसवली तर? आयुष्यभर जमवलेल्या पांढऱ्याच्या जागी करडं निघेल. आपांना तेव्हा काही कळणार नाही, असं तुर्दाकुन म्हणाला. उल्कान त्याच्यावर अशी भडकली, की तो दोन दिवस बायकोची वाट चुकवून गोठ्यातच रमला. कळणार नाही म्हणजे काय? मला कळेल ना, ती म्हणाली.

शेवटी एका सकाळी आपांना चहा देताना तिच्याने राहवेना. वाटी त्यांच्या हातात देऊन ती समोर गुडघे मोडून बसली आणि सगळं सांगून टाकलं. गादी कशी काढली, काय समजली, मुलांना कशी वाटली, पुरचुंडी कधी सापडली, आणि नंतर करडी लोकर भरून कशी लबाडी केली, तेसुद्धा. मान खाली होती. आता टोमणा येईल, सुयांचा डबा येईल, सगळं खानदान येईल, असं धरून ती बसली होती.

आपांनी एकच विचारलं.

"सगळी?"

"मूठभर आहे, आपा."

आपांनी वाटी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. त्या दिवशी त्यांनी उल्कानच्या हातचा चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं उल्कानला झालं. इतक्या वर्षांत या बाईचं बोलणं थांबावं म्हणून तिने देवाला किती वेळा विनवलं असेल, आणि आता घर असं गप्प झालं तर तिला रडू आवरेना. पाण्याला जाते म्हणून ती नळावर जाऊन रडून यायची.

तिसऱ्या दिवशी आपा उठल्या, ठेवणीतला मखमली डगला चढवला, आणि तुर्दाकुनला म्हणाल्या गाडी काढ. कुठे, असं विचारायची त्याची छाती झाली नाही. आपांनीच सांगितलं, तुझ्या बायकोच्या शाळेत.

वर्ग भरलेला होता. आपा दारात दिसल्या तशी सगळी पोरं ताडकन उभी राहिली आणि एका सुरात सलाम झाला. आपांनी खुर्ची नाकारली, शेगडीजवळ जमिनीवर बैठक मारली आणि हुकूम सोडला, आणा बघू सगळे इथं. फळीवरची जनावरं एकेक करून त्यांच्यापुढे आली. त्यांनी प्रत्येकाला उचललं, दाबलं, नाकाशी धरून हुंगलं. हा कोण? ससा. कान कुठायत याचे? गोठलेत, असं उत्तर आलं. हा? बिबट्या. झोल्दोशकडे वर-खाली बघून त्या म्हणाल्या, खातापिता दिसतोय. झोल्दोश लाल झाला. उल्कान दाराशी उभी, हाताची बोटं रुमालात गुंडाळलेली, आणि तिला कळेना की आपा ही जनावरं न्यायला आल्यात की टाकून द्यायला.

मग आपांनी मुलांना सरळ सांगितलं. आडपडदा नाही, काही नाही. ही लोकर माझी. मी मरेन तेव्हा मला निजवायला नमदा करायचा म्हणून मी ती कोकराकोकराने जमवली. तुमच्या एजेला ठाऊक नव्हतं, तिनं तुम्हाला दिली. आता ती तुमच्या जनावरांत गेली आणि परत निघत नाही. मला दुसरी लोकर नको. ही कोकरं मी माझ्या हाताने वाढवलीत, एकेकाला ओळखते मी. तेव्हा मला माझी जनावरं द्या, मी ती नमद्यात घालते.

झोल्दोशने विचारलं, "तुम्ही कधी मरणार?"

आपा म्हणाल्या, "का रे, तुला घाई आहे?"

"नाही. प्रदर्शन झाल्यावर चालेल का म्हणून विचारलं."

आपा हसायला लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. उल्कान पाणी घेऊन धावली तर त्यांनी तिच्या हातून ते घेतलं आणि प्यायल्या. उल्कानच्या लक्षात आलं ते, दुसऱ्या कुणाच्या नाही.

मुलांपुढे मात्र पेच होता. उल्कान वर्षभर एकच सांगत आली होती, जे तुम्ही टोचलं ते तुमचं. ते मास्तरांचं नाही, आईचं नाही, तुमचं. आता तीच कुठल्या तोंडाने मागणार? ती तसं म्हणालीही. म्हणाली, चूक माझी आहे, तुमची नाही. द्यायचं तर द्या. प्रदर्शनाला करड्या लोकरीची करू, करडं जनावर काही कमी नसतं. पहिल्यांदा झोल्दोशने बिबट्या आपांच्या मांडीवर ठेवला. मग ससे, हंस, कोकरं. एकजण म्हणाला, माझ्या कोकराला थंडी लागते, त्याला मध्ये घाला. बेगायिम मात्र कोटाची बटणं आवळून उभी. ती म्हणाली, नाही देणार, मी केलाय. मावशीला लाज वाटली असती, पण आपांना नाही वाटली. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, नको देऊस, माझी पाठ एवढी मोठी नाही.

मांडीभर जनावरं घेऊन आपा तशाच बसून राहिल्या. मुलं पुन्हा आपापल्या स्पंजांवर वाकली. त्या त्यांच्या हातांकडे बघत होत्या, वीस-बावीस पोरांचे हात, चामड्याच्या टोप्या घातलेले.

"एवढे हात," त्या म्हणाल्या, "मी कुठून आणले असते?"

उल्कानला समजलं नाही. मग आपा हळू आवाजात सांगू लागल्या. लोकर कधीचीच पुरी झाली होती. दर शरदात त्या म्हणायच्या, अजून थोडी हवी, पुढच्या वर्षी बघू. ते खोटं होतं. जुन्या सोबतिणींपैकी कानिम्बूबू वारली, शार्शे वारली, आणखी दोघी बहिणी मुलाकडे शहरात, बिश्केकला, गेल्या त्या आल्याच नाहीत. ज्यांच्या कोपराला कोपर लावून नमदे वळले त्यातली गावात एक उरली नाही. नातवंडं खिळ्याने संदूक उघडून साखरेचे खडे पळवायला लागली म्हणून लोकर गादीत भरली, आणि भरताना वाटलं, आता ही गादीच व्हायची.

"आपा, मी होते की," उल्कान म्हणाली. तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत सासूपुढे तो पहिल्यांदा चढला असेल. "घरातल्या घरात होते. एकदा म्हणाला असतात तर गावातल्या बायका गोळा केल्या असत्या मी."

"मी कसं म्हणू? माझ्या मरणाचा नमदा वळ, असं सुनेला सांगू? तू म्हणाली असतीस, म्हातारी कामाला जुंपायला मरणसुद्धा वापरते. आणि तू तरी विचारलंस का कधी?"

"मी कशी विचारणार? आपा, तुमच्या मरणाची तयारी करायला घेऊ का, असं? तुम्ही मला घराबाहेर काढलं असतंत."

"काढलं असतं," आपा म्हणाल्या.

या दोघींनी एका छपराखाली, एका भट्टीवर इतकी वर्षं काढली होती, आणि एक सांगणार कशी, दुसरी विचारणार कशी, यातच ती लोकर बासनात पडून राहिली होती. उल्कानला हसू आलं आणि रडूही आलं. तिने रुमालाने तोंड पुसलं.

नमदा वळायला दिवस ठरला तो ऊन चांगलं पडलं तो. वाचनालयाच्या मागच्या अंगणात आपांनी स्वतःची जुनी लव्हाळ्याची चटई अंथरली. त्यांची मूठभर उरलेली लोकर होतीच, आणि प्रत्येक पोर घरून पांढरं म्हणून जे मिळेल ते घेऊन आलं होतं. कुणाचं पिवळट, कुणाचं राखाडी, एकाने आजीच्या उशीतून आणलं होतं आणि आजीला विचारलं होतं की नाही हे त्याला कुणी विचारलं नाही. आपांनी तोंड वाकडं केलं, पण पसरलं. मग जनावरं मांडायची वेळ आली. तुर्दाकुन घुटमळत म्हणाला, आई, मरणाच्या नमद्यावर जनावरं, मोल्ला काय म्हणेल? आपा म्हणाल्या, खालच्या बाजूला राहतील, त्याला म्हणावं वाकून बघू नकोस.

जनावरं नुसती ठेवली तर तुडवताना घसरतील, म्हणून आधी ती सुईने पातळ थराला टाचायची ठरली. हे उल्कानचं काम. ती वाकून सांगत होती, पोरं आपापल्या जनावराचे पाय, कान, शेपट्या थरात टोचून पक्क्या करत होती, आणि आपा वरून बघत होत्या. मध्येच त्यांनी एका पोराला हटकलं, अरे कडेकडेने, मध्ये काय भोसकतोस? उल्कानने मान वर केली. आपा दुसरीकडे बघायला लागल्या.

पाणी उकळलं, साबण कालवला आणि आता गुंडाळी करायची, तेवढ्यात बेगायिम पुढे आली. तिने कोटातून साळू काढला. पण अट होती. पायाशी ठेवायचा नाही, जवळ ठेवायचा. आपांनी विचारलं, जवळ म्हणजे कुठे? बेगायिमने विचार केला आणि आपांच्या पाठीवर, खांद्यांच्या जरा खाली, बोट ठेवलं. तिची आई तिथे हात ठेवून झोपवायची, असं ती म्हणाली. चटईवर तेवढी जागा मोजून आपांनी साळू मांडला आणि तिला सुई दिली.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. गुंडाळीला दोर बांधला, दहा पोरं ओढतायत, दहा तुडवतायत, झोल्दोश तिच्यावर उड्या मारतोय, गरम पाणी बुटांत शिरतंय. गाणं आपांनी सुरू केलं, शब्द कुणाला येत नव्हते, म्हणून सगळ्यांनी नुसतं हो हो केलं. नंतर कोपरांनी वळायची वेळ आली तेव्हा आपा गुडघ्यावर बसल्या. त्यांच्या शेजारी उल्कान बसली, मग मुली, मग मुलगे. कोपराला कोपर. आपांच्या हातात ताकद नव्हती, पण ठेका त्यांचाच होता, आणि ठेका चुकला की शेजारच्याला कोपर बसत होतं. उल्कानला दोन-तीनदा बसलं.

उलगडला तेव्हा तो काही चांगला नमदा नव्हता. जाड-पातळ, कडा वाकड्या, जिथे जिथे पक्कं टोचलेलं जनावर होतं तिथे टेंगूळ. आपांच्या तरुणपणी असा नमदा कुणी केला असता तर तिचं लग्न झालं नसतं. त्यांनी ते बोलूनही दाखवलं. वाळायला मात्र जनावरं खाली करून, त्यांनी स्वतःच्या हाताने उन्हात पसरला.

चार दिवसांनी तो सुकल्यावर त्या पुन्हा आल्या. लांबी बघायची म्हणाल्या. बूट काढले, डगला सारखा केला आणि अंगणात, भर दुपारी, सगळ्यांसमोर नमद्यावर आडव्या झाल्या. तुर्दाकुनने तोंड फिरवलं. उल्कान पुढे झाली, आपांना उठवायला हात दिला, तर आपांनी तो हात धरून खाली ओढला.

"ये. आडवी हो."

आमच्याकडे सून सासूसमोर आडवी होत नाही. आडवी सोडा, पाय लांब करून बसत नाही. नववा महिना लागला होता तेव्हाही उल्कान आपांपुढे गुडघे मोडूनच बसली होती. ती नमद्याच्या कडेला कशीबशी टेकली, एका कुशीवर, पाय पोटाशी घेऊन.

"पाय लांब कर," आपा म्हणाल्या. "आपण दोघी एका उंचीच्या. तुला पुरला तर मला पुरेल."

उल्कानने पाय लांब केले. पुरला. वर आभाळ स्वच्छ होतं. पोरं भोवती उभी राहून कुजबुजत होती, आणि आपांचा श्वास अगदी कानाशी ऐकू येत होता, बारीक, घरघरता.

"पाठीला काय टोचतंय गं?" आपांनी विचारलं.

बेगायिमनेच उत्तर दिलं, माझा साळू आहे तो.

"असू दे. बरं वाटतंय."

पलीकडे चुलीवर किटली उतू जायला लागली. उल्कान उठू लागली तशी आपांनी तिची बाही धरली.

"पड अजून थोडी," त्या म्हणाल्या. "चहा पोरं बघतील."

उल्कान पडून राहिली.